शाळेच्या गेटवरचा फ्लेक्स

२० जून
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. बालहक्क संस्थेचा कम्युनिकेशन ऑफिसर म्हटल्यावर आपलंही काहीतरी मागे राहायला हवं. आमच्या संस्थेच्या प्रमुख शलाका मॅडमनी शाळाबाह्य मुलांची मोहीम माझ्यावर सोपवली. फोटो, स्लोगन, फ्लेक्स, सगळं मीच. परदेशातले देणगीदारही बघणार. संकल्प: वडापाव बंद, कामात तडजोड नाही.

२३ जून
वांगणीला गेलो. वीटभट्ट्या बंद, तिथली मुलं आईबापांबरोबर गावी गेलेली. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात हे मला कोणी सांगितलंच नाही. मॅडमना फोनवर ‘काम प्रगतिपथावर’ म्हणालो. स्टेशनबाहेर दोन वडापाव. टेन्शनमधले धरायचे नसतात.

२५ जून
फोटो मिळाला! वांगणीच्या आमच्या अभ्यासवर्गातली किर्ती, पाचवीतली. फोटो म्हटल्यावर बाईसाहेब गणवेश घालून, चपचपीत तेल लावून, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून हजर. हिला शाळाबाह्य कोण म्हणेल? जुना फ्रॉक घालायला लावला, केस सोडायला लावले, भिंतीला टेकून उभी केली. तरी दात दिसतच होते. हसायचं नाही, हसायचं नाही, सांगून घसा बसला.
तिची आई अंजनाताई आनंदनगरच्या कंपनीत पॅकिंगला असतात, आज सुट्टी होती. म्हणाल्या, “सर, पण ही रोज जाते ना शाळेत.” मी त्यांना ‘प्रातिनिधिक’ हा शब्द समजावला. पटला त्यांना. म्हणजे गप्प बसल्या.

१ जुलै
फ्लेक्स आला. ‘मलाही शाळेत यायचंय!’ फोटोत किर्तीचे डोळे असे उतरलेत की मॅडमनी लगेच मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो काढून घेतला. तिच्याच शाळेच्या गेटवर लावायची आयडिया माझी. मुख्याध्यापकांनी तोंड वाकडं केलं. लोकांना व्हिजन नसते.

४ जुलै
बदलापूरला शिक्षकांसमोर ‘मुलांची प्रतिष्ठा आणि माध्यमं’ यावर बोललो. पहिलीच स्लाइड: मूल म्हणजे वस्तू नव्हे. टाळ्या. नंतर वडापाव, पण तो आयोजकांचा.

९ जुलै
अंजनाताईंचा फोन. सोमवारपासून किर्ती शाळेत जात नाही. गेटवर पोरं अडवतात, तुला तर अजून यायचंय ना, मग आत कशी आलीस म्हणतात. भिकारीण म्हणतात. मी म्हटलं, मुलंच ती, विसरतील. मीटिंग आहे सांगून फोन ठेवला. मीटिंग नव्हती.

१० जुलै
फ्लेक्स काढायचा तर मॅडमना कारण सांगावं लागणार. त्यापेक्षा पावसावाऱ्यात फाटेलच.

१३ जुलै
फाटला नाही. चांगल्या क्वालिटीचा घ्या म्हणून मीच हटून बसलो होतो. फोटो थोडा खोटा आहे हे मनात कुठेतरी खुपायचं. आता तेही राहिलं नाही. किर्ती खरंच शाळाबाह्य आहे.
लाज वाटते. लिहितानाही वाटते.

१४ जुलै, संध्याकाळी
स्टुलावर चढून फ्लेक्स काढला. मॅडमना उद्या सांगणार. नक्की.
तसाच किर्तीच्या घरी गेलो. माफी पाठ केली होती. ती दारात बसली होती, चांगला फ्रॉक, दोन वेण्या. मला बघितलं आणि आत पळाली. अंजनाताईंनी पाणी दिलं. बसा म्हणाल्या नाहीत.
थोड्या वेळाने किर्ती बाहेर आली. तोच जुना फ्रॉक, केस सोडलेले. भिंतीला टेकून उभी राहिली, मी उभी केली होती तशीच. तिनेच विचारलं, “सर, हसायचं नाही ना?”