मच्छिंद्रची गाय आणि माझं पोट

३ फेब्रुवारी, सकाळी
चार घास खाल्ले की पोट तुडुंब. अखेर जिभेवर ताबा आला! पँटही सैल झाली. बायकोला, छबूबाईला, दाखवली. तिचं म्हणणं, नवी शिवायच्या आधी डॉक्टरला दाखवा. घरात डॉक्टर असताना? जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जन्म गेला माझा. गायीच्या पोटाला चार कप्पे, माणसाला एकच. त्यात काय अवघड?

७ फेब्रुवारी
मळमळ. ढेकरा. पोटावर टिचकी मारून पाहिलं, ढब्ब वाजलं. निदान: गॅस. कारण: हिची भाकरी. तसं तोंडावर सांगितलं. म्हणे, "मी बी तीच भाकरी खाते की!" मुद्दा सोडून बोलायची सवयच आहे.
उपाय: गोडेतेल आणि हिंग. फुगलेल्या गायींना आयुष्यभर पाजलंय. डोस वजनाच्या हिशेबाने कमी केला. शास्त्र म्हणजे शास्त्र.

८ फेब्रुवारी
पोट जास्तच जड. शास्त्राला वेळ लागतो. ही हसली. चीड आली.

१२ फेब्रुवारी
सकाळी उलटी. काल संध्याकाळी सोनईला लग्नात जेवलो, ते बाधलं. आचाऱ्याला फोन करून झाप झाप झापला. तेवढ्यात हिने बादलीत डोकावलं. मटकी, अख्खीच्या अख्खी. लग्नात मटकी नव्हती. ती काल दुपारी घरी खाल्लेली.
आचाऱ्याला परत फोन केला नाही. त्याचंही काहीतरी चुकलंच असेल.

१५ फेब्रुवारी
शुगरचं मशीन बिघडलं. इन्सुलिन घेऊन जेवलो, थोड्याच वेळात दरदरून घाम, हात लटलट. मशीन म्हणे, शुगर खाली. पोट भरलेलं असताना? रात्री बघतो तर तीनशेच्या वर! एका मतावर राहील तर शपथ. ठरलं, उद्यापासून मोजायचंच नाही.

१९ फेब्रुवारी
शेजारच्या मच्छिंद्रची गाय अडली. इन्सुलिन घेऊन, जेवून गेलो. वासराचे पाय धरले आणि डोळ्यांपुढे अंधार. गोठ्यातच बसलो. बोलायला गेलो तर जीभ वळेना. ही मागोमाग आली होती, तिने साखरपाणी पाजलं. मग पदर खोचून मच्छिंद्रबरोबर वासरू ओढून काढलं. कालवड झाली.
घाबरलो होतो. मरतोय असंच वाटलं. हिला सांगितलेलं नाही.

२१ फेब्रुवारी
नगरला गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, जुन्या शुगरमुळे पोटाच्या नसा मंदावल्या असाव्यात. जेवण पोटातच पडून राहतं, इन्सुलिन मात्र कामाला लागतं. म्हणून जेवल्यावर शुगर घसरते आणि उशिरा चढते. लवकर पोट भरणं, मळमळ, आदल्या दिवशीचं अन्न उलटून पडणं, वजन उतरणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. पोट किती वेळात रिकामं होतं ते बघायची तपासणी लिहून दिली. इन्सुलिनची वेळ बदलली.
हिने तेल-हिंगाचंही सांगून टाकलं. तेलाने पोट आणखी रेंगाळतं म्हणे. डॉक्टरबाई चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. काय गरज होती सांगायची?

२४ फेब्रुवारी
मऊ भात, थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा. ही वाढणार, मी गिळणार.
सकाळी मच्छिंद्र आला. गायीने रवंथ सोडलाय. मी लगेच औषधांची पिशवी घेऊन उठलो. तो म्हणाला, "तुमी बसा, काका. मी काकूला न्यायला आलोय."
हिने माझ्या हातातून पिशवी घेतली. उंबऱ्यातून म्हणाली, "वाटीतलं संपवा. अन् लगेच आडवं होऊ नका."
बसलोय.