सील तोडलेलं गोदाम

घोडेगाव, मे १९७३

प्रिय याकोबदादा,
सलाम.

माफीनाम्यावर सही केली की सुटका, असं तू साहेबांकडून कबूल करून घेतलंस. तरी यांनी सही का केली नाही, असं तू विचारलंस.

दुष्काळी कामावर खडी फोडेल त्यालाच मिशनच्या गोदामातलं धान्य द्यायचं, असा सरकारी हुकूम होता. रतनबाई ओली बाळंतीण, तिला घण उचलेना. यांनी मामलेदारांना आधीच सांगितलं, "मी पाळक आहे. भुकेल्याला परत पाठवणं माझ्या प्रभूला चालत नाही. उद्या मी गोदामाचं सरकारी सील तोडणार." तोडलं, ज्वारी वाटली आणि पोलिसांची वाट बघत पायरीवर बसून राहिले.

पुरवठा निरीक्षक म्हणून पंचनामा तूच केलास. मुद्देमाल म्हणून रतनबाईच्या मडक्यातली ज्वारीसुद्धा जप्त केलीस.

काल तुरुंगात मी तुझा माफीनाम्याचा कागद यांच्यापुढे धरला. यांना ताप होता. आधी विचारलं, "रतनबाईचं लेकरू कसं आहे?"

ते लेकरू जप्तीनंतर आठवड्याच्या आत गेलं. "बाई, दूधच आटलं हुतं," एवढंच रतनबाई मला म्हणाली होती. मला खरं सांगवेना. मी म्हणाले, "बाळसं धरलंय."

हे हसले. कागद परत देत म्हणाले, "मग मी चुकलो असं कसं लिहू?"

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर तू यांना खरं सांगशील आणि सही घेशील.

बाळाचं नाव काय ठेवलं, ते विचारून ये, असं यांनी निघताना सांगितलंय. पुढच्या भेटीला काय नाव सांगू, दादा?

तुझी धाकटी बहीण,
सुवार्ता