दुनळी भरलेली आहे की नाही

सूनबाई,

बाजारातून आलीस की माझ्या खोलीत जाऊ नकोस. कालच घेतलेली दुनळी बंदूक पलंगाखाली आहे. कुलूप सापडेना, म्हणून दाराला बाहेरून खुर्ची लावलीय.

घोटाळा असा झालाय. काल शेजाऱ्याला मी रंगवून सांगितलं, की दोन रानडुकरं लोळवली आणि मग काडतुसं काढून ठेवली. डुकरं थापेतली, हे तू ओळखलंच असशील. पण काडतुसं खरोखर काढली, की तीही सांगण्याच्या भरातच काढली, हे काही केल्या आठवेना! बंदूक उघडतात कशी, तेही डोक्यातून गेलंय. म्हणून दुकानदाराला घेऊन येतो.

पोटभर हस माझ्यावर, पण मी येईपर्यंत नातीला कडेवरून खाली उतरवू नकोस.

तुझा थापाड्या सासरा