गोठ्यात कोंडलेलं स्थळ

मु. पो. पेडणे,
गुरुवार

ती. गोकुळदासदादा यांस कृष्णनाथचा साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? डिचोलीच्या वैद्याच्या तेलाने उतार पडला असेल. माझ्या प्रकृतीचं विचारू नका. जेवण जात नाही, आणि तुम्ही एवढ्या खटपटीने आणलेलं आमच्या सुविधाचं स्थळ मोडल्यात जमा आहे. (मुलाच्या आईकडून, म्हणजे कमलाक्षीबाईंकडून, तुम्हाला कळलं असेलच. पण त्या रागात सांगतात, मी क्रमाने सांगतो.)

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या आनंदात मी टीव्ही घेतला, तिथे सगळं बिघडलं. त्यावर परदेशातली एक शर्यत दाखवतात. माळावर मेंढरं सोडायची, मालकाने लांबून शिटी मारायची आणि कुत्र्याने सगळ्यांना हाकत कुंपणात न्यायचं. पेडण्यात मेंढरू पाहिलंय कुणी? तरी अख्खा वाडा आमच्या सोप्यावर जमतो. (बैलांच्या धिरयो बघून वाढलेली माणसं. ही झुंजणार कधी, असं शेजारचा शांताराम अजून विचारतो.) ते बघून आमच्या टिपू कुत्र्याला शिकवायची बुद्धी मला झाली. हुकूम मराठीत द्यावा की कोकणीत, यावरून सोप्यावर दोन तट पडले, शांताराम रुसून घरी गेला, म्हणून शेवटी शिटीवर तडजोड केली. मग त्याच्याच शेळ्यांवर सराव. शिटी वाजली की टिपू त्यांना घेरून आमच्या गोठ्यात घालू लागला. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

गेल्या रविवारी मुलीला बघायला मंडळी आमच्या दारातच बसमधून उतरली. बस सोडायला कंडक्टरने नेहमीसारखी शिटी मारली आणि टिपू धावला. चावला नाही कुणाला, नुसता वाकून, डोळे रोखून पायांशी येत राहिला. जरीच्या साडीतल्या कमलाक्षीबाई, त्यांचे दीर आणि नवरामुलगा रुद्रेश, सगळे मागे सरकत सरकत गोठ्यात गेले. टिपू दारात आडवा पडून माझ्याकडे कौतुकाने बघू लागला. दादा, त्या कार्यक्रमात फाटक लागलं की टाळ्या होतात आणि बातम्या सुरू होतात. मेंढरं बाहेर कशी काढायची, हे कधी दाखवतच नाहीत. मी घाबरून शिटी मारली, तर बाहेर पडू बघणाऱ्या दिरांना त्याने पुन्हा आत घातलं. शेवटी हिने, तुमच्या बहिणीने, पेजेत बांगड्याचे काटे घालून ताट आणलं, तेव्हा तो हलला. मंडळी पोहेसुद्धा न खाता गेली. साडीला शेण लागलं होतं.

सुविधा तेव्हापासून नुसती गोठ्याकडे बघत बसते. हे तिसरं स्थळ. पोरीचं नशीब बापानेच घालवलं, हे मनातून जात नाही. काय करू तेच सुचत नाही.

तुमचा
कृष्णनाथ

ता. क. टिपूला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? तुमच्याकडे शेळ्याही नाहीत आणि दारात बसही थांबत नाही.

दुसरा ता. क. पत्र टाकायला निघालो तर ही सांगते, त्या दिवशी सुविधा गोठ्याच्या खिडकीतून मंडळींना पाणी देत होती, आणि रुद्रेशने ते चारदा मागून घेतलं. तेव्हा कंबर दुखत असली तरी कमलाक्षीबाईंची समजूत घालायला जाच.

तिसरा ता. क. टिपूला पाठवत नाही. गोठ्यात राहिलेली चप्पल न्यायला रुद्रेश आत्ताच स्कूटरवरून आला. टिपूने त्याला आत घातलंय, सुविधा खिडकीशी उभी आहे, आणि तुमची बहीण ताट घेऊन बाहेर यायला तयार नाही. आज बस नव्हती, कंडक्टर नव्हता. शिटी कुणी मारली, हे मी विचारलेलं नाही.