लाल शाईचं कार्ड

३ मार्च
"पत्त्याचा पुरावा नाही? मग कार्ड नाही!" सरकारी दवाखान्याचा कारकून समोरच्या बांधकामावरच्या गवंड्याच्या बायकोवर खेकसला. आठवा महिना तिला! परमुलखातून आलेली, पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी. पुरावा काय पत्र्याचा आणायचा? मी मागे रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी उभी. रक्तदाब तिथेच चढला.

४ मार्च
तिला घेऊन पुन्हा गेले. माझं वीजबिल टेबलावर आपटलं. "ही माझ्याकडे राहते."
"नातं?"
"भाची."
"आजी, चेहरा तरी जुळतो का?"
"तुझा चेहरा आणि माणुसकी कुठे जुळते?"
कार्ड मिळालं! खोटं बोलले. लहानपणीच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी गुडघ्यांवर उभं केलं असतं. राहिले असते, हसत!

९ मार्च
तिचा रक्तगट निगेटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर लाल शाईने लिहिलं — बाळंतपणानंतर तीन दिवसांत इंजेक्शन हवंच, नाहीतर पुढच्या बाळाच्या जिवावर बेतेल. "कुठल्याही सरकारी दवाखान्यात हे दाखव. हरवू नकोस."
बयेने कार्डाची चौघडी करून कमरेला खोचली! काढून घेतलं. एकतीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलंय, लोक कागदाचं काय करतात ते मला सांगू नका.
"मावशी, मी नीट ठेवीन."
"दिसलं किती नीट ते! लागेल तेव्हा मागायला ये."

१८ मार्च
शेडमधल्या अकरा जणींची कार्डं झाली! कारकून आता मला बघून उठून उभा राहतो. सगळी कार्डं प्लास्टिकच्या पाकिटांत, वर्णानुक्रमे, कपाटात, कुलपात.
धाकटी बहीण फोनवर: "ताई, निवृत्त झालीस ना गं?"
छे! आत्ता कुठे रुजू झालेय.

२६ मार्च
जिंकले! उद्यापासून दर गुरुवारी दवाखाना संध्याकाळी सहा ते आठ उघडा — खास मजुरांसाठी, खाडा न करता येता यावं म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या तोंडापुढे कोण टिकणार?" साडीला इस्त्री केली. जसं काही माझंच लग्न!

२७ मार्च
सहा वाजले. साडेसहा. कोणी नाही.
शेडवर गेले. पत्रेसुद्धा नाहीत. रखवालदार म्हणाला, "मुकादमाने दुपारी सगळ्यांना ट्रकमध्ये घालून नेलं. दुसऱ्या गावी काम लागलंय. ती गवंड्याची बायको दोनदा तुमच्या दारी येऊन गेली. कुलूप होतं म्हणाली."
मी दवाखान्यात खुर्च्या मांडत होते.

२८ मार्च
बसमध्ये लिहितेय, म्हणून अक्षर असं. गावाचं नाव रखवालदाराने दिलं. अकराही कार्डं मांडीवर आहेत, लाल शाईचं सगळ्यात वर. कपाट उघडंच टाकून आलेय.