मांडे कुणाच्या हातचे

अहो,

चाळीसगावच्या बाजारातून मीठ आणा म्हटलं तर दोर घेऊन येणारे तुम्ही. तिकडे जाऊन सहा वर्षं झाली, आता माझं तोंडही विसरला असाल. म्हणून आधीच सांगते, मी तुमची बायको. अक्षर मात्र नातसुनेचं, रूपालीचं आहे. मी सांगते, ती लिहिते.

आखाजी आठ दिवसांवर आली, रूपाली तिला अक्षय्य तृतीया म्हणते. मी सध्या जळगावला आपल्या नितीनकडे आहे. रूपाली बँकेतून सहाला येते, तोवर नितीनची कणीक मळून झालेली असते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पदर तोंडाला लावला होता. आता गप्प बसून खाते, चांगल्या करतो पोळ्या.

काल जेवताना तो म्हणाला, "आजी, यंदा गावी गेलो की मांडे मी करणार. आपल्या घरात आधी कुठल्या पुरुषानं केले होते का?"

मी म्हटलं, "छे रे, तुझ्या आजोबांना चहासुद्धा येत नव्हता."

दोघं हसले. मी ताट बाजूला सारलं. म्हणून हे पत्र.

ती आखाजी आठवते का? आपल्या दोघी लेकी माहेरी आलेल्या, पुरण शिजलेलं, आणि पहिलाच मांडा टाकताना माझं मनगट चुलीवरच्या तापल्या मातीच्या खापराला टेकून भाजलं. तुम्ही उठलात. दार लोटलंत, बाह्या सारल्यात आणि चुलीपुढे बसलात. तुम्हाला बहीण नव्हती, म्हणून तुमच्या आईनं तुम्हालाच शिकवलं होतं, हे मला लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर तेव्हा कळलं. कोपरापर्यंत येईल एवढा मांडा हातावर फिरवत होतात, फाटत नव्हता.

आणि नेमकी शेजारची शेवंता विरजण मागायला आली. दार ढकलून बघते तर काय, तुम्ही चुलीपुढे. म्हणाली, "काय नाना, आते बांगड्या बी भरी ल्या."

मी काय करायला हवं होतं? हात दाखवायचा होता, बाई, भाजलाय माझा, म्हणायचं होतं. पण मला लाज वाटली, गाव काय म्हणेल याची. मी तिच्याहून मोठ्यानं हसले. "त्यासले काय येस? बठ्ठा मांडा फाडी टाकात," म्हटलं. सगळे कुठले, फाटलेला एकच होता, आणि तो माझा होता.

तुम्ही हातातला मांडा अलगद खापरावर टाकलात, भाजून होईपर्यंत थांबलात, हात धुतलेत आणि बाहेर गेलात. मग गल्लीभर कौतुक झालं, नानांच्या घरी काय मांडे झालेत, बाईच्या हाताला चव आहे. मी मान हलवत राहिले.

त्यानंतर तुम्ही चुलीपुढे बसला नाहीत. मला टायफॉईड झाला तेव्हा आठ दिवस लेकीच्या घरून आलेली भाकरी पाण्यात कुस्करून खाल्लीत, पण चूल पेटवली नाहीत. मला वाटायचं, रुसलेत. आता वाटतं, तुम्ही माझंच बोलणं खरं करत होतात. एकदा तरी भांडायचं होतं हो माझ्याशी. इतकं गप्प राहून मला इतकी वर्षं खोटी ठेवलीत.

इथे रूपाली थांबली. "आजी, हे खरंच लिहू?"

लिही म्हटलं. काल मी तेच खोटं पुन्हा बोलले, आणि आता तर टोमणा मारणारंही कुणी नव्हतं. नितीननं कौतुकच केलं असतं तुमचं.

तर ऐका. आखाजीला नितीन खापरापुढे बसेल, दार उघडं राहील. पितरांसाठी भरतात ती तुमच्या नावाची घागर भरली की मी दारापुढच्या ओट्यावर उभी राहून सांगेन, त्या वर्षीचे मांडे कुणाच्या हातचे होते ते. शेवंताला आता ऐकू कमी येतं, ओरडूनच सांगावं लागेल. गल्लीला ऐकू जाईल. जाऊ दे.

तुम्हाला हसलेली,
तुमची बायको
(अंगठा)

रूपाली, हेही खाली लिहून ठेव, नाहीतर मी ऐनवेळी कच खाईन. शेवंताकडे दोन मांडे पाठवायचे, दुधात भिजवून, दात नाहीत तिला. पण माझं सांगून झाल्यावर पाठव. आधी नको.