भरारी, आवृत्ती पहिली

२ मार्च, सकाळी ७
आजपासून रोज पाच तास काम. बायकोच्या ग्रंथालयातला कॉम्प्युटर सुरू व्हायला बावीस मिनिटं घेतो. मेमरी अवघी ५१२ एमबी. कमिटी म्हणते, महिनाअखेर भंगारात. त्यात हिने दोन वर्षं खपून टाइप केलेली चार हजार पुस्तकांची यादी आहे. म्हटलं, काळजी सोड, जुन्या मशीनसाठी मी स्वतः हलकी ऑपरेटिंग सिस्टिम बनवतो. ही म्हणाली, आधी शेगडीचं बटण बसवा. दूरदृष्टी नाही.

३ मार्च
नाव ठरवतोय. बाकी काम शून्य, पण नाव म्हणजे पाया.

८ मार्च
नाव ठरलं: भरारी. उद्यापासून लोगो.

१४ मार्च, दुपारी
लोगोतल्या पक्ष्याचा डावा पंख जमत नाही. सिस्टिमचं म्हणाल तर एक तयार, फुकटची उतरवून घेतली आहे. नको ते काढलं की झाली माझी. मूर्तिकार तरी दगड कुठे स्वतः बनवतो?

१७ मार्च
छाटणी. आवाज काढला. प्रिंटिंग काढलं. कचरापेटी काढली. पुसलं ते पुसलं, परत कशाला हवं?

२१ मार्च
'नक्की पुसायचं का?' असं विचारणाऱ्या सगळ्या खिडक्या उडवल्या. सारखं विचारत बसायला ती सिस्टिम आहे की माझे सासरे? मस्त सुटसुटीत झालं.

२६ मार्च
घरच्या रिकाम्या मशीनवर चाचणी. अकरा सेकंदांत सुरू! हिला हाक मारून दाखवलं. तिने विचारलं, माझ्या यादीला काही होणार नाही ना? म्हटलं, मी आहे ना. हसली. खरं सांगायचं तर एवढ्याचसाठी चाललंय सगळं.

२८ मार्च, सकाळी ११
ग्रंथालय. कमिटीचे अध्यक्ष घड्याळ बघत उभे. सीडी घातली. भरारी काही न विचारता झपाझप इन्स्टॉल झाली. मग बंद करून पुन्हा सुरू. नऊ सेकंद! टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, भंगाराचं रद्द. ही खुर्ची ओढून यादी उघडायला बसली.

११.४०
अजून शोधतेय.

२९ मार्च
यादी गेली. दुरुस्तीवाल्याने डिस्क तपासली. म्हणाला, फार स्वच्छ काम केलंय साहेब, काही म्हणजे काही उरलं नाही. निदान जाणकाराने दखल घेतली. डिस्कवर आता भरपूर जागा आहे, हे मी हिला सांगितलं. सांगायला नको होतं.

३१ मार्च
घरात अबोला. शेगडीचं बटण बसवलं. कुणाचं लक्ष नाही.

४ एप्रिल
ही पहिल्या कपाटापाशी स्टूल घेऊन बसली आहे. यादी पुन्हा, आणि या वेळी वहीत. कॉम्प्युटर नऊ सेकंदांत सुरू होतो, अशी आठवण करून दिली. ऐकलं नसावं. मग म्हटलं, मी नावं वाचतो, तू लिही. तिने मान वर केली नाही. स्टूल मात्र जरा सरकवलं, मला उभं राहण्यापुरतं. संध्याकाळपर्यंत बासष्ट पुस्तकं झाली. राहिली तीन हजार नऊशे अडतीस.